हिरव्या लुगड्यातला फोटो

बाबांची मिल बंद पडली तेव्हा आमच्या घरात रडारड झाली नाही. ती बंद पडणार हे अख्ख्या बडोद्याला कधीपासून दिसत होतं, एकट्या बाबांना सोडून. शेवटच्या दिवशीसुद्धा ते डबा घेऊन गेले, संध्याकाळी परत आले, सायकल जिन्याखाली लावली आणि हातपाय धुऊन जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी उठून त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुढच्या खोलीतल्या खुर्चीत येऊन बसले. त्यानंतरचं जवळजवळ वर्ष त्यांनी त्या खुर्चीत काढलं.

ते मिलमध्ये डाइंग मास्तर होते. कापडाच्या प्रत्येक लॉटला ठरलेलीच छटा लागली आहे की नाही हे बघायचं, लागली नसेल तर कोणता रंग किती वाढवायचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. नागरवाड्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. नवीन भाडेकरू त्यांना शाळामास्तर समजून मुलांच्या शिकवणीची चौकशी करायला येत, आणि बाबा त्यांना चहा पाजून परत पाठवत. पणजोबा संस्थानच्या पागेत स्वार होते, आजोबा फौजेच्या कोठारात, बाबा मिलमध्ये. आमच्या घरातल्या पुरुषांचं नाव कायम कुणाच्या तरी हजेरीपटावर असायचं. आता ते कुठेच नव्हतं आणि बाबांना त्याची लाज वाटत होती. घर चालवायची काळजी होतीच, पण ती आम्ही तिघांनी वाटून घेतली होती. लाज मात्र त्यांनी कुणाला वाटून दिली नाही.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे एक साधा प्रश्न. आपल्याकडे चार माणसं भेटली की दुसऱ्या वाक्याला विचारतात, ‘सध्या काय?’ शेजारचे गुजराती काका तेच ‘हमणां शुं चाले छे?’ असं विचारत. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण बाबांनी त्या प्रश्नाच्या भीतीनं लग्नं सोडली, मुंजी सोडल्या, गणपतीतली भाषणं सोडली, शेवटी कोपऱ्यावरचं पानाचं दुकानसुद्धा सोडलं. कुणी घरी आलं की ते आत जाऊन पाणी भरायला लागत, नळाला पाणी नसलं तरी. आईला आणि मला एवढंच हवं होतं, की या माणसानं पुन्हा बाहेर पडावं आणि चार लोकांत मान वर करून बसावं. त्यासाठी आम्ही केलेले सगळे उपाय फसले होते. आईनं त्यांना भजनी मंडळात पाठवायचा घाट घातला, तेव्हा ते म्हणाले की माझा आवाज तुला ठाऊक आहे, देवाला कशाला त्रास.

माझं स्वतःचं काय चाललं होतं, हेही घरात फारसं कुणाला सांगता यायचं नाही. मी कलेचं शिक्षण घेतलं, एका जाहिरात कंपनीत लागले आणि तिथल्या साहेबाशी भांडून बाहेर पडले. माझा स्वभाव तेव्हा तसा होता. आताही फार सुधारलेला नाही. मग घरातच आतल्या खोलीत एक संगणक, एक स्कॅनर आणि एक प्रिंटर मांडून मी स्वतःची कामं घ्यायला लागले. नातेवाईक म्हणत, घरीच असते, कॉम्प्युटरवर कायतरी करते. आई म्हणायची, लग्नपत्रिका करते. ते निदान लोकांना समजायचं.

आणि खरोखरच तो काळ कामाचा होता. बाजार उघडला होता, दुकानांच्या पाट्या महिन्या-महिन्याला बदलत होत्या, टीव्हीवर शंभर चॅनेल आले होते आणि प्रत्येकाला आपलं काहीतरी ‘वेगळं’ हवं होतं. कोयलीला रिफायनरीत व्हॉल्व्ह पुरवणारा एक कंत्राटदार होता, त्याला परदेशी कंपनीसारखा कॅटलॉग हवा होता. एका दंतवैद्याला दातांचं चित्र नसलेलं कार्ड हवं होतं. याचं मला फार कौतुक वाटलं. आणि लोक जुने फोटो घेऊन येत. मुलगा अमेरिकेला निघाला की आजी-आजोबांचा फाटका, बुरशी आलेला फोटो ट्रंकेतून निघायचा, आणि तो दुरुस्त करून, जमल्यास रंगीत करून द्या, अशी मागणी व्हायची. स्कॅन करायचा, भेगा बुजवायच्या, डाग पुसायचे, गेलेला कान दुसऱ्या कानावरून आणायचा. या कामात मी रमत असे. तासन्‌तास एखाद्या अनोळखी बाईच्या भुवईवर बसायला मला कंटाळा येत नसे.

पत्रिका मात्र मी घडियाळी पोळातल्या एका जुन्या छापखान्यात छापून घेत असे. ऑफसेट आलं होतं आणि सगळे तिकडे धावत होते. या काकांकडे पायानं चालवायचं ट्रेडल मशीन होतं, शिशाच्या अक्षरांची, म्हणजे खिळ्यांची, लाकडी खाती होती आणि बिलबुकं सोडून दुसरं काम उरलं नव्हतं. मी जाड हातकागद घेऊन गेले आणि खिळे जुळवूनच छापा म्हणाले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. “बेन, ऑफसेटमां करावी लो ने,” ते म्हणाले. मी हट्ट धरला. पहिला कागद मशीनमधून निघाला तेव्हा अक्षरं कागदात रुतली होती, मागून बोट फिरवलं तर लागत होती. काकांनीही मागून बोट फिरवलं आणि मान हलवली. त्यांच्याकडे मराठीचे खिळे होते, संस्थानच्या काळात शहरात मराठी छपाईचं काम भरपूर असायचं तेव्हाचे. पण आता ते पुरत नसत, म्हणून एक पान छापून, मोडून, त्याच खिळ्यांनी दुसरं जुळवावं लागे. मला त्यात काही वाईट वाटत नसे. गिऱ्हाईकांना मी सांगायची, वेळ लागेल, पण हात फिरवून बघा.

बाबा माझ्या कामात शिरले ते भांडणातून. मी एका लग्नाच्या फोटोवर काम करत होते, वीसेक वर्षांपूर्वीचा रंगीत फोटो, रंग उडालेला. बाबा पाण्याचा तांब्या घ्यायला आत आले, माझ्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, शालू पिवळा पडलाय. मी म्हणाले, तो पिवळाच आहे. ते म्हणाले, नाही, तो मोतिया होता, हा तू हळदीत बुडवलास. मी वैतागून म्हणाले की बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही. ते तांब्या घेऊन गेले. मला लगेच वाईट वाटलं, पण तोंडातून शब्द गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ते माझा प्रिंट घेऊन उत्तरेच्या खिडकीत उभे. मिलमध्ये छटा तपासायची ती उत्तरेच्या उजेडात, दहा-अकराच्या सुमाराला, ट्यूबलाइटखाली कधीच नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी मला बोलावलं, प्रिंटशेजारी आईचा खराखुरा मोतिया शालू धरला. माझा पिवळा होता, चांगला झणझणीत. मी तो उतरवला. त्या दिवसापासून प्रत्येक प्रिंट खिडकीत जायला लागला. माझा प्रिंटर गुलाबी मारतो, हा शोधही त्यांचाच. तसे ते चुकतही पुष्कळ. आकाश त्यांना नेहमी जास्त निळं हवं असायचं, माणसं जास्त गोरी आणि गवत असं हिरवं की बैलसुद्धा बिचकला असता. यावरून आमची रोज जुंपायची. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, मिल बंद झाली पण तुमचं खातं घरी आलं वाटतं. ती हे चिडून म्हणायची नाही.

पण खिडकीच्या पलीकडे बाबा जात नव्हते. गिऱ्हाईक आलं की ते आत. मी एकदा म्हणाले की चला, छापखान्यात येता का, काकांचं मशीन बघा. त्यांनी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. त्यांचा गुडघा ठणठणीत होता.

अशात त्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या आसपासच्या, ताठ, अलकापुरीत एकट्या राहणाऱ्या. घराणं संस्थानी अधिकाऱ्यांचं, बोलणं अगदी मोजकं. त्यांच्या आईच्या जन्माला शंभर वर्षं होत होती. त्यानिमित्त पुण्याहून, मुंबईहून, एक भाचा तर कॅनडाहून, असे सगळे जमणार होते, आणि प्रत्येकाला हातात द्यायला त्यांना एक छोटी स्मरणपत्रिका हवी होती. जाड कागद, खिळ्यांची छपाई आणि आत चिकटवलेला आईचा फोटो. फोटो एकच होता. हाताच्या तळव्याएवढा, कृष्णधवल. नऊवारीतली एक तरुण बाई खुर्चीत बसलेली, डोक्यावरून पदर, हात पदराखाली, शेजारी गोल टेबलावर पुस्तक. फोटोला कधीतरी पाणी लागलं होतं आणि नेमका कपाळावरचा कागद फुगून उडाला होता. “रंगीत करा,” बाई म्हणाल्या. “भडक नको.” एवढं बोलून त्या रिक्षात बसून निघून गेल्या. मी आणखी काही विचारलं नाही, कारण मला विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

बाबा त्या फोटोवर तुटून पडले. त्यांनी भिंग घेतलं, लुगड्याच्या अंगाचा करडा रंग आणि काठाचा काळपट रंग खिडकीत धरून कितीतरी वेळ न्याहाळला. जुन्या फिल्मवर लाल रंग काळा यायचा, म्हणून काठ लाल. अंग त्याहून फिकं, पण काळसर, म्हणून हिरवं, गर्द हिरवं. त्या काळात हे लुगडं घरोघर असायचं, माझ्या आईचंही होतं, असं ते म्हणाले. मिल सुटल्यापासून त्यांना इतक्या उत्साहानं बोलताना मी ऐकलं नव्हतं. कपाळ मी नव्यानं रंगवलं, त्वचा जुळवली, आणि तेवढ्यावर थांबणार होते. बाबा म्हणाले, “कपाळ मोकळं ठेवतेस होय? कुंकू लाव. सवाष्ण बाई आहे.” मी कुंकू लावलं, ठसठशीत, आमच्या आजीसारखं. खरं सांगते, तो फोटो मी तोवर केलेल्या सगळ्या कामांत सुंदर झाला होता. बाई नुकतीच हसणार आहे असं वाटत होतं.

तो टेबलावर वाळत पडला होता आणि आई पोहे देऊन परत जाताना थांबली. ही कोण, तिनं विचारलं. मी सांगितलं. आईचा चेहरा बदलला. तिच्या मावशीला फोटोतल्या या बाईंनी शिकवलं होतं. बडोद्यातल्या सगळ्या जुन्या मराठी घरांना त्या माहीत होत्या, आमच्या पिढीलाच काय त्या माहीत नव्हत्या, आणि फोटो कुणाचा हे बाबांनी मला विचारलंच नव्हतं. विशीच्या आत नवरा गेला, मांडीवर सहा महिन्यांची मुलगी, आणि सासऱ्यांनी केस काढू न देता शिकायला घातलं, त्यावरून त्या काळी किती बोलणी झाली, हे सगळं आईनं उभ्याउभ्या सांगितलं. मग तिनं टेबलावरच्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. हा शिकत असतानाचा फोटो आहे, ती म्हणाली. म्हणजे नवरा गेल्यानंतरचा.

आम्ही दोघं ते पुस्तक फोटोग्राफरनं शोभेला ठेवलेलं समजलो होतो. फुलदाणी ठेवतात तसं.

 बाबांनी भिंग त्याच्या डबीत घातलं, डबी माझ्या कपाटात ठेवली आणि पुढच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसले. जसे आधी बसायचे तसेच. मला त्या फोटोचं काही वाटलं नाही, तो दुरुस्त करणं एका दुपारचं काम होतं. मला धास्ती वाटली ती या माणसाची. एका वर्षात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या तोंडानं छातीठोक काहीतरी सांगितलं होतं आणि तेच चुकलं होतं. आता हे पुन्हा आत येणार नाहीत, प्रिंट खिडकीत नेणार नाहीत, असं मला स्वच्छ दिसायला लागलं. मी बाहेर जाऊन म्हणाले की चूक माझीही आहे, मीही विचारलं नाही. ते म्हणाले, “छटा मी सांगितली.”

दुपारी मी दुसरा फोटो केला. कपाळ मोकळं, लुगडं राखी-तपकिरी, काठ दबलेला. बाई गंभीर दिसायला लागली, आणि खरं म्हणजे हीच त्या पत्रिकेतली बाई होती. तोही वाळला. मी तो पाकिटात घालून निघणार तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि मी पण येतो म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या हातात हिरवा फोटो होता.

मग आमचं भांडण झालं, आणि ते काही साधं नव्हतं. मी म्हणाले की हा दाखवायचा नाही, फाडून टाका. जन्मभर जिला कुंकवाशिवाय पाहिलं त्या आईच्या कपाळावर कुंकू लावून आपण त्या म्हातारीसमोर धरायचं? हे कुठलं शहाणपण? बाबा म्हणाले की मिलमध्ये लॉट बिघडला की मास्तरनं तो लपवायचा नाही, स्वतः घेऊन जायचा. मी म्हणाले, बाबा, ही मिल नाही. ते म्हणाले की गिऱ्हाईक आहे ना, मग झालं. मी आईकडे पाहिलं. आई मला डोळ्यांनी गप्प बस म्हणाली. तिला काय दिसत होतं ते मला कळलं. तो माणूस चपला घालत होता.

माझ्या स्कूटरवर मागे बसून ते आले. मांडवीतून जाताना ओळखीचे एक गृहस्थ दिसले, तर बाबांनी मान दुसरीकडे फिरवली. रेल्वेच्या पुलावर मी पुन्हा एकदा म्हणाले की तो हिरवा फोटो मला द्या, मीच बोलेन. वाऱ्यात त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.

बाईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मी आधी राखी लुगड्यातला फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा बदलून तो पाहिला आणि छान झालाय म्हणाल्या. पूर्वी शाळेत मुलींना गणितात पैकीच्या पैकी मिळाल्यावर त्या म्हणत असतील तसंच. माझं काम तिथे झालं होतं. मी उठायच्या तयारीत होते.

बाबा उभे राहिले. “एक आमच्याकडून बिघडलाय,” ते म्हणाले. “तो दाखवायला मी आलोय.” आणि त्यांनी हिरवा फोटो बाईंच्या समोर टीपॉयवर ठेवला.

बाईंनी तो पाहिला, हात लावला नाही. मग त्यांनी विचारलं ते बाबांकडे न बघता, आणि आवाज कडक होता.

“हे असं तुम्हांला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. माझं मला वाटलं. आम्हाला विचारायला हवं होतं.”

“मग मला दाखवायला कशाला आणलंत?”

बाबांनी पँटच्या खिशातून आईची शिवणकामाची कात्री काढली. ती त्यांनी कधी उचलली हे मलाही माहीत नव्हतं. मिलमध्ये बिघडलेला नमुना मालकाला दाखवायचा आणि त्याच्यादेखत कापायचा, म्हणजे तो पुन्हा कुठे चांगला म्हणून खपत नाही, हे त्यांनी अगदी सरळ, नोकरीतल्यासारखं सांगितलं. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. लोकांच्या दिवाणखान्यात माझे बाबा कात्री घेऊन उभे होते.

बाईंनी फोटो उचलला. तो त्यांनी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग उठून गॅलरीच्या उजेडात गेल्या. आमच्याकडे पाठ होती. त्या हळूहळू बोलायला लागल्या, आम्हाला सांगतायत की नाही हे कळत नव्हतं. त्यांना कळायला लागल्यापासून आईच्या अंगावर पांढरं नाहीतर राखी, एवढंच होतं. शाळेत जाताना, देवळात, बाईंच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा. ती कधी कुरकुरली नाही. रंग हा विषय घरात नव्हताच. मला हे लुगडं खरं कसलं होतं तेही सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या, म्हणून तर तुम्हाला काही बोलले नाही.

मग त्या वळल्या. डोळे ओले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

“हिरवा तिला आवडायचा की नाही, मला माहीत नाही. तिला कुठला रंग आवडतो हे मी तिला कधी विचारलंच नाही.”

मी रडले. आता लिहिताना लाज कशाला वाटून घेऊ, मी चक्क रडले. माझं कामच असं, की मी लोकांच्या आया रोज बघत होते, आणि माझ्या आईला कुठला रंग आवडतो हे मला त्या घटकेला सांगता आलं नसतं. बाबा तिथेच उभे होते, कात्री हातात.

“ती ठेवा आत,” बाई त्यांना म्हणाल्या. पत्रिकेत राखी लुगड्याचाच फोटो लावायचा, हे त्यांनी लगेच ठरवलं. ती तशी जगली आणि तशीच लोकांना माहीत आहे, ते बदलायचा अधिकार ना त्यांना ना आम्हाला. पण हिरवा त्या परत देणार नव्हत्या. तो त्यांच्या स्वतःसाठी, आतल्या खोलीत, पलंगावरून दिसेल असा. कॅनडाच्या भाच्यानं विचारलं तर काय सांगाल, मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्याला आतल्या खोलीत कशाला येऊ देईन.

त्यानंतर चहा झाला. बाबांनी त्यांच्या पडद्यांकडे बघून विचारलं की हे कुठल्या मिलचे, रंग अजून टिकून आहे. बाईंना आठवेना. मग पडद्याचा कोपरा उलटा करून बाबांनी त्यांना शिवणीतला न उडालेला रंग दाखवला, आणि दोघं पंधराएक मिनिटं पडद्यांवर बोलत बसली. मला कुणी विचारत नव्हतं. मी बिस्किटं खात होते आणि जगातल्या सगळ्यात आनंदी मुलींपैकी एक होते.

बाई आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आल्या. मी स्कूटर बाहेर काढली. तेवढ्यात, निघताना सगळेच विचारतात तसं, त्यांनी बाबांना विचारलं, “आणि तुम्ही सध्या काय करता?”

माझे हात थांबले. अशा वेळी आई किंवा मी पटकन मध्ये बोलत असू, मिल बंद झाली ना, सगळ्यांचंच झालं, असं काहीतरी. मी तोंड उघडलंही. पण बाबा माझ्या आधी बोलले. फाटकाच्या कडीवर एक हात ठेवून, सरळ बाईंच्या डोळ्यांत बघत.

“मुलीकडे कामाला आहे,” ते म्हणाले. “रंग मी बघतो.”

बाईंनी मान डोलावली, त्यात विशेष काही नाही अशी. मी खाली वाकून किक मारायला लागले. स्कूटर केव्हाच सुरू झाली होती, तरी मी मारत होते, आणि मागे बसता बसता बाबा म्हणाले, अगं पुरे, चालू झाली ती.